अपस्मार आणि टॅपिंग : या चुका टाळा

फिट बहुधा दोन मिनिटांत संपते. तिची भीती मात्र पुढे आठवडाभर घरात वावरते. आंघोळीला जाताना कडी लावू की नको, बसमध्ये आली तर काय, पाहुण्यांसमोर आली तर काय. मला अपस्मार आहे याला चौदा वर्षं झाली आणि या भीतीसाठी गेली चार वर्षं मी टॅपिंग करते. मला त्याने खरंच बरं वाटतं. पण सुरुवातीला काही चुका मी केल्या, काही इतरांच्या पाहिल्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : तळहाताची कड, भुवईचं नाकाकडचं टोक, डोळ्याची बाहेरची बाजू, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळपट्टीच्या हाडाखाली, काखेखाली आणि डोक्याची टाळू, अशा जागांवर दोन बोटांनी हलकेच टकटक करायचं आणि मनात जे सलतंय ते बोलत राहायचं. अमेरिकेत रॉजर कॅलाहन यांच्या पद्धतीवरून गॅरी क्रेग यांनी 1990 च्या दशकात ही सुटसुटीत रीत बसवली. चिंता कमी व्हायला मदत होते असं काही अभ्यासांत दिसलं आहे. त्यामागे शरीरातल्या ऊर्जावाहिन्या आहेत असं शिकवणारे सांगतात, ते मात्र सिद्ध झालेलं नाही. आणि फिट थांबवणारा उपाय म्हणून टॅपिंगला भरवशाचा पुरावा नाही. म्हणून मी टॅपिंग फक्त भीतीसाठी करते. फिटसाठी गोळी घेते. हे दोन हिशेब एकत्र झाले की घोटाळा होतो.

गोळी कमी करणं

माझी सर्वांत मोठी चूक हीच. पैसे घेऊन टॅपिंग शिकवणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं, “आता शरीराला औषधाची सवय सोडू द्या.” तेव्हा पाच महिने फिट आली नव्हती, त्यामुळे मलाही ते पटलं. तीन दिवस रात्रीची गोळी घेतली नाही. चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात सिंकपाशी पडले. ओट्याची कड लागून भुवईवर चार टाके पडले. तो व्रण बरोबर भुवईच्या बिंदूवर आहे. रोज टॅपिंग करताना बोट त्याच्यावरूनच जातं.

मी थोडक्यात वाचले. अपस्माराची औषधं अचानक थांबवली तर फिटमागून फिट येत राहू शकते, मध्ये शुद्धच येत नाही, आणि ती वेळ जिवावरची असते. गोळी कमी करायची असेल तर ते न्यूरॉलॉजिस्टच ठरवतात, तेही हळूहळू, आठवडे-महिने घेऊन. दुसरं कुणी सांगत असेल तर तिथून उठून या. आपल्या देशात 1954 पासून आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे आणि ज्या आजारांवर इलाजाच्या जाहिराती करता येत नाहीत त्यांच्या यादीत फिटचंही नाव आहे. ‘अपस्मार मुळापासून बरा’ असा फलक किंवा व्हिडिओ दिसला की हे आठवा.

पाच महिने फिट आली नाही ती टॅपिंगमुळे, असं मी धरून चालले होते. फिटला स्वतःची लय असते. कधी पाठोपाठ येतात, मग महिनोन्‌महिने काही नाही. म्हणून वही ठेवा. तारीख, वेळ, झोप किती झाली, डोस चुकला का, पाळी होती का. टॅपिंग केलं तर तेही लिहा. सहा महिन्यांनी ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.

चुकीचं वाक्य

“मी पूर्ण बरी झाले आहे, मला आता फिट येणार नाही,” असं बोलत टॅपिंग करायला सांगतात. नका करू. पुढे फिट आली की माणूस स्वतःलाच दोष देतो, माझा विश्वासच कमी पडला म्हणतो. एका काकूंनी तर आपल्या मुलाला तसं तोंडावर ऐकवलं होतं. दहावीतला मुलगा, मान खाली घालून बसला होता. मी आता एवढंच म्हणते : “बसमध्ये फिट येईल याची मला भीती वाटते, तरी मी स्वतःला आहे तशी स्वीकारते.” आधी भीतीला 0 ते 10 मध्ये आकडा द्यायचा, दोन फेऱ्या झाल्या की पुन्हा द्यायचा. 8 चा 5 झाला तरी पुष्कळ.

ऑरा आल्यावर टॅपिंग करत बसणं

पोटातून काहीतरी वर चढतं, विचित्र वास येतो, हात मुंग्यांनी भरतो. ही पूर्वसूचना वाटते, पण खरं तर तीच छोटी फिट असते, मेंदूच्या एका भागापुरती. तिथून पुढे हातात थोडेच क्षण असतात. ते गॅस बंद करायला, जमिनीवर बसायला आणि घरात हाक मारायला वापरा.

फिट चालू असताना घरच्यांनीही टॅपिंग करू नये. नाकाखाली, हनुवटीवर बोटं नेली तर चावा बसू शकतो, आणि मोलाचा वेळ जातो तो वेगळाच. कांदा, चप्पल, हातात किल्ली, यांतलं काहीही नको. तोंडात चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर 108 ला फोन करा. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा, म्हणजे फिट थांबवणाऱ्या औषधाचा, स्प्रे दिला असेल तर तो त्यांनी सांगितल्याप्रमाणे द्या.

श्वास, व्हिडिओ, जागा

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढताना तंत्रज्ञ आपल्याला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. काही जणांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, फिट त्याने वर येतात म्हणूनच. टॅपिंगच्या काही व्हिडिओंत फेऱ्यांच्या मध्ये भराभर खोल श्वास घ्यायला सांगतात. आपण तसं करायचं नाही, नेहमीचा संथ श्वास पुरे. पडद्यावर लखलखणारे दिवे असले तर व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ऐका. लखलखाटाने फिट येणारे शंभरात तिघांच्या आसपासच असतात, पण आपण त्यांत आहोत की नाही हे ईईजी पाहिलेल्या डॉक्टरांना विचारून घ्या. बसायची जागा म्हणाल तर सतरंजी सर्वांत उत्तम. ओट्यापाशी, गच्चीच्या कठड्याजवळ, बाथरूममध्ये नको.

व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर, म्हणजे फिट कमी व्हाव्यात म्हणून मानेतल्या नसेला हलके विजेचे झटके देणारं यंत्र, बसवलेलं असेल तर ते यंत्र बहुतेक वेळा डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखालीच असतं. म्हणजे टॅपिंगचा एक बिंदू त्याच्या अगदी शेजारी आला. तो बिंदू सोडून द्या. डोक्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पडून मार लागला असेल तर टाळूलाही हात लावू नका. एखादा बिंदू गाळला म्हणून काही अडत नाही.

एकटीने जुनी जखम उकरणं

एकदा रात्री अकराला मी शाळेतल्या पहिल्या फिटच्या आठवणीवर टॅपिंग करायला बसले. गॅदरिंगचं स्टेज, ओला झालेला फ्रॉक, समोर सगळी शाळा. दीड तास रडले. रात्रभर डोळा लागला नाही आणि सकाळी फिट आली. टॅपिंगने आली असं मी म्हणणार नाही, जागरण हे माझं जुनंच निमित्त आहे. पण ते जागरण मी ओढवून घेतलं होतं. अशा आठवणी दिवसा आणि मानसोपचार करणाऱ्या जाणकार माणसासमोरच काढायच्या.

औषधाचा परिणाम मनाचा समजणं

माझी गोळी बदलून लेव्हेटिरासेटॅम सुरू झाली आणि मला भयंकर राग येऊ लागला. पोळ्या लाटताना लाटणं आपटायचे, लेकावर ओरडायचे. दीड महिना मी त्या रागावर टॅपिंग करत राहिले. शेवटी नवऱ्याने डॉक्टरांना सांगितलं. चिडचिड हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. त्यांनी औषध बदललं आणि तीन आठवड्यांत मी पुन्हा माझी मला सापडले. मूड अचानक बदलला, काही करावंसं वाटेना, तर आधी डॉक्टर. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कधीही.

टॅपिंग करते हे मी डॉक्टरांपासून तीन वर्षं लपवलं होतं, हसतील म्हणून. ते हसले नाहीत. “किती वाजता करता?” एवढंच विचारलं. म्हटलं, रात्री, झोप येईना की. म्हणाले, नऊच्या गोळीला जोडून करा, म्हणजे गोळीही चुकणार नाही. तेव्हापासून नऊ वाजले की आधी डबीतला त्या दिवसाचा कप्पा उघडते, गोळी, वर भांडंभर पाणी, आणि मग सतरंजी पसरते. आताशा लेकच घड्याळ बघून डबी आणून देतो.