वाइनग्लास: वाइनपलीकडचे उपयोग आणि निगा

वाइनग्लास फक्त वाइनसाठीच असतो असे समजून तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला जातो आणि एखाद्या समारंभापुरताच धूळ पुसून खाली काढला जातो. वास्तविक ज्या कारणांमुळे त्याला असा आकार मिळाला, ती कारणे इतर अनेक पदार्थांनाही लागू पडतात. ती नीट समजली, की या ग्लासाकडून कोणते काम करून घ्यावे आणि कोणते घेऊ नये, याचा अंदाज आपोआप येतो.

वरचे पोट, मधली दांडी आणि खालची बैठक असे त्याचे तीन भाग असतात. पोट मध्यभागी रुंद असल्यामुळे पेयाचा पृष्ठभाग हवेला भिडतो आणि वास मोकळा होतो, तर काठाकडे ते निमुळते होत गेल्यामुळे तो वास आतच कोंडून राहतो. दांडी धरून पिण्यामागे निव्वळ ऐट नसून हाताची ऊब पेयापर्यंत पोहोचू नये आणि काचेवर बोटांचे ठसे उमटू नयेत, हा साधा हेतू आहे. म्हणूनच जे थंड आहे, ज्याला सुगंध आहे आणि जे पाहायला चांगले दिसते, ते या ग्लासात शोभते.

वाइन देताना ग्लास काठोकाठ कधीही भरू नये. पोट जिथे सर्वांत रुंद असते तिथपर्यंतच ओतावी, म्हणजे वास साठायला वर जागा उरते. एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर ओतल्यास ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून पाच ग्लास भरतात. रेड वाइनसाठी मोठे पोट, व्हाइट वाइनसाठी थोडे लहान आणि फसफसणाऱ्या वाइनसाठी उंच, अरुंद ग्लास असा संकेत असला, तरी प्रत्येक प्रकाराचा वेगळा संच घेण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. वाइनची परीक्षा करण्यासाठी १९७७ साली ठरलेल्या आयएसओ ३५९१ या आंतरराष्ट्रीय मानकातही एकच, काठाकडे निमुळता होणारा ग्लास सांगितला आहे आणि सगळ्या वाइन त्यातच तपासल्या जातात. घरी मात्र ३५० ते ४५० मिलिलिटर मापाचा मध्यम ग्लास अधिक सोयीचा ठरतो.

पाणी, सरबत, फळांचा रस किंवा गार केलेला चहा अशा ग्लासात दिल्यास मद्य न घेणाऱ्यांनाही पंगतीत वेगळे पडल्यासारखे वाटत नाही. सोड्याची पेये अरुंद ग्लासात ओतावीत, कारण पृष्ठभाग लहान असल्याने त्यांतला वायू सावकाश उडतो. उकळता चहा, कॉफी किंवा गरम सूप मात्र कटाक्षाने टाळावे. साध्या काचेचा एक भाग एकदम तापला आणि दुसरा थंडच राहिला, की दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत आणि काच तडकते. पातळ पोट जिथे जाड दांडीला मिळते, तिथे हा धोका विशेष असतो. गरम पाण्याने नुकत्याच धुतलेल्या ग्लासात बर्फ टाकणे हीसुद्धा तशीच चूक आहे.

थरांच्या गोड पदार्थांसाठी वाइनग्लासाइतके देखणे भांडे सहसा सापडत नाही, कारण प्रत्येक थर बाहेरून दिसतो. यासाठी रुंद तोंडाचा ग्लास निवडावा, अन्यथा चमचा तळापर्यंत पोहोचत नाही. मिश्रण पूर्ण थंड झाल्यावरच लांब दांड्याच्या चमच्याने मधोमध सोडावे आणि आतल्या बाजूला लागलेले डाग पुढचा थर घालण्यापूर्वी ओलसर फडक्याने टिपून घ्यावेत. जेलीचा तिरका थर हवा असेल, तर खोलगट भांड्यात कोरडे धान्य भरून त्यात ग्लास कलता रोवावा, जेली ओतून भांड्यासकट फ्रिजमध्ये ठेवावा आणि ती घट्ट झाल्यावर ग्लास सरळ करून उरलेल्या जागेत दुसरा थर भरावा.

पाश्चात्त्य पद्धतीने जेवणाचे टेबल मांडताना ग्लास ताटाच्या उजवीकडे, सुरीच्या टोकाच्या वर ठेवतात. पाण्याचा ग्लास सुरीच्या अगदी वर आणि वाइनचे ग्लास त्याच्या उजव्या बाजूला. टेबल लहान असेल, तर एका व्यक्तीमागे दोन ग्लास पुरे.

सजावटीसाठी वापरताना तोल सांभाळावा लागतो. लांब देठाची फुले ठेवल्यास वरचा भाग जड होऊन ग्लास कलंडतो, म्हणून देठ आखूड कापून फुले काठावर टेकतील एवढीच ठेवावीत. तरंगणारी मेणबत्ती लावायची असल्यास अर्ध्याच्या थोडे वरपर्यंत पाणी भरावे आणि ज्योत काचेच्या जवळ येणार नाही इतका रुंद ग्लास घ्यावा. पाण्याशिवाय मेणबत्ती थेट तळाशी ठेवू नये.

एक उपयोग निव्वळ गंमतीचा, पण लहान मुलांना हमखास आवडणारा आहे. हात साबणाने धुऊन बोटावरचा तेलकटपणा घालवावा, बोट ओले करावे, दुसऱ्या हाताने बैठक टेबलावर दाबून धरावी आणि काठावरून हलक्या दाबाने बोट गोल फिरवावे. बोट क्षणभर अडकते आणि लगेच सुटते, हे सतत घडत राहिल्याने काच कंप पावते आणि सूर निघतो. ग्लासात पाणी वाढवले, की तो सूर खाली उतरतो. याच तत्त्वावर बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६१ साली ग्लास आर्मोनिका हे वाद्य तयार केले आणि मोझार्ट यांनी १७९१ साली त्यासाठी रचनाही केली.

ग्लास फुटतात ते बहुधा वापरताना नव्हे, तर धुताना आणि पुसताना. एका हाताने बैठक पकडून दुसऱ्या हाताने पोट पिळल्यासारखे पुसले, की दांडी मोडते. म्हणून ज्या भागाला फडके लागते आहे, तोच भाग दुसऱ्या हाताने धरावा. कोमट पाणी, अगदी थोडा साबण आणि मऊ स्पंज पुरेसा असतो, मात्र साबणाचा वास राहणार नाही इतके खळबळून घ्यावे. पुसायला धागे न सुटणारे सुती फडके वापरावे. पाण्यातल्या क्षारांमुळे आलेला पांढुरका थर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवल्यास निघतो. तरीही न निघाल्यास काचेचा पृष्ठभागच झिजला आहे असे समजावे. असा ग्लास फुलांसाठी राखून ठेवावा. शिसेयुक्त क्रिस्टलच्या ग्लासात आंबट पेय किंवा वाइन तासन्‌तास ठेवू नये, कारण शिसे हळूहळू पेयात उतरते.

कपाटात ग्लास उभेच ठेवावेत. पालथे घातल्यास सगळा भार सर्वांत नाजूक अशा काठावर येतो, शिवाय आत कोंडलेल्या हवेला कुबट वास येतो. काठावर टवका उडाला असेल, तर तो डोळ्यांना दिसो वा नुसता बोटाला जाणवो, त्या ग्लासातून पुन्हा काहीही पिऊ नये.