ढेकळानं शिकवा अंतराळयानाचं चिलखत

परभणीकडच्या आमच्या शाळेत मी हा प्रयोग उन्हाळ्यात, नांगरट झाल्यावर घेते. काळ्या रानातली वाळून खडंग झालेली, लिंबाएवढी ढेकळं गोळा करा. परातीत दोन बोटं जाड घट्ट चिखल थापून ती भिंतीला टेकवून उभी करा. पोरांना मागं ठेवा.

आधी ढेकूळ थेट मारा. खोल खड्डा पडतो. आता जुन्या चाळणीची जाळी परातीपुढं वीतभर अंतरावर बांधून तेवढ्याच जोरानं मारा. ढेकूळ जाळीवर फुटतं, भुगा पसरतो, चिखलावर नुसते बारीक ठसे उमटतात. मग जाळी परातीला जवळजवळ चिकटवून बघा: भुग्याला पसरायला जागाच नाही, मार एकाच ठिकाणी बसतो. इथं घाई करू नका, सगळं मर्म त्या मोकळ्या जागेतच आहे. ठसे पोरांनाच मोजू द्या.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी अंतराळयानाला बारीक उल्काकणांच्या माऱ्यापासून वाचवायला हीच युक्ती 1947 मध्ये सुचवली. 1986 मध्ये हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलेल्या जिओत्तो या युरोपच्या यानाला पुढं 1 मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा होता, मागं केवलार या फार चिवट धाग्याचा 12 मिमी थर आणि मधे साधारण वीतभर पोकळी. धूमकेतूची धूळ सेकंदाला 68 किमी वेगानं आदळायची.

एक फरक मात्र पोरांना सांगायलाच हवा. आपलं ढेकूळ नुसतं फुटतं. त्या वेगात कण पत्र्यावर आपटताच वितळतो, त्याची वाफसुद्धा होते. म्हणून तिथं जाळीऐवजी पातळ पत्रा चालतो.