हुंड्याचं ते एक वाक्य

स्वतः सोसून बायकांच्या केसेस लढायला येणाऱ्या मुलींसाठी हे लिहितेय. लॉची सीईटी, सनद म्हणजे वकिलीचा परवाना, त्यासाठीची ऑल इंडिया बार परीक्षा यांची माहिती तुम्हाला असेलच. तीन वर्षांच्या एलएलबीला वयाची अट नाही. मी चौतिसाव्या वर्षी, लेकीला शाळेत सोडून कॉलेजला जायचे. जमतं.

मी अडकले ते त्याआधी, माझ्याच केसमध्ये. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खाली माझा अर्ज करताना वकिलांनी तयार मसुद्यात फक्त नावं बदलली. त्यात वाक्य होतं, माहेरून पाच लाख आणावेत म्हणून सासरचे छळतात. पैसे कुणी मागितलेच नव्हते. माझं एटीएम कार्ड मात्र सासऱ्यांकडे असायचं, एसटीच्या तिकिटालाही हात पसरावा लागायचा. हे अर्जात कुठेच नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "असंच लिहितात." मी सही केली. उलटतपासणीत प्रश्न आला, पाच लाख कुणी मागितले, कोणत्या तारखेला? मला उत्तर देता येईना. त्यानंतर माझ्या खऱ्या गोष्टींवरही कुणाचा विश्वास बसेना.

म्हणून सांगते. 2005च्या या कायद्याला हुंड्याची मागणी लागतच नाही. कलम 3 मध्ये आर्थिक छळ वेगळा सांगितलाय, पगार काढून घेणं त्यात बसतं. घडलंय तेवढंच लिहा. तारीख आठवत नसेल तर 'लेकीच्या बारशाच्या आदल्या दिवशी' असं लिहा, पण रचू नका. पेनड्राइव्हमधले तयार मसुदे देणारा सीनियर वकील मला गुरू वाटत नाही. अशिलासमोर ज्युनियरला बसू देणारा शोधा, पैसे कमी मिळाले तरी चालेल.

आणखी एक, हे कडू लागेल. समोरची बाई म्हणजे तुम्ही नव्हे. मी सुरुवातीला एकीला घटस्फोटाकडे ढकलत होते. तिला फक्त राहतं घर हवं होतं, म्हणजे याच कायद्याच्या कलम 19चा आदेश. ती तीनदा बोलली, मला चौथ्यांदा ऐकू आलं.

घाबरू नका, पहिली दोन वर्षं सगळ्यांचीच अशी जातात. फी परवडत नाही म्हणून बाई परत निघाली तर तिला विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा. तिथे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

सहीआधी मी आता अख्खा अर्ज अशील बाईला मोठ्यानं वाचून दाखवते. "असं नव्हतं, ताई," म्हणाली की तिथल्या तिथे खोडते.