गिटारचा ब्रिज ३ मिमी चुकला, मग काय केलं

लातूरात एप्रिलच्या उन्हात गिटारचं किट (सुटे भाग, घरी जोडायचे) जोडायला घेतलं, नेक (दांडा) बिक नीट बसला, तारा चढवल्या, मोकळ्या तारा ट्यूनरवर एकदम बरोबर, पण बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबलं की सूर चढायलाय बगा. आधी म्हणलं फ्रेटच वाकडे असतील, किटवाल्याला मनातल्या मनात शिव्या पण घालून झाल्या. टेप लावला तर चूक माझीच. स्केल (वाजणाऱ्या तारेची ठरलेली लांबी) ६४५ मिमीची, मी तेवढंच मोजून सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) येईल असा ब्रिज (सॅडल बसवायचा, तारा अडकवायचा लाकडी तुकडा) चिकटवून मोकळा झालतो. पण तार दाबली की ताणली जाते न, म्हणून सॅडल २-३ मिमी मागं लागतं, जाड तारेला जास्त, त्यामुळंच ते तिरकं असतंय.

मग तारा काढल्या, पुठ्ठ्याला फॉइल लावून टॉप (गिटारची वरची फळी) झाकला, ब्रिजवर कपड्याची इस्त्री टेकवली आणि आईच्या पातळ उलथण्यानं कडेकडेनं हळूच सारत गेलो, अर्धा तास लागला, घाई केली की लाकडाचं सालपट निघतंय (एका कोपऱ्यात निघालंच). जुना ग्लू खरवडला, ब्रिज मागं घेतला, पिनांची भोकं घासून जुळवली, क्लॅम्प लावून २४ तास हातच लावला नाही.

आता बारावा फ्रेट सुरात आहे. उलथणं मात्र नवीन आणून द्यावं लागलं.