कॅसेटमधली खरखर काढताना तानपुराही पुसला जात असेल तर : माझा अनुभव

घरगुती मैफलीची जुनी कॅसेट संगणकावर उतरवल्यावर गाण्यामागे सतत खरखर आणि विजेची गुणगुण ऐकू येत होती. आपोआप स्वच्छ करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेने खरखर काढली, पण तानपुराही नाहीसा केला. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या तयार सेटिंगने आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. मन फार खट्टू झाले.

शेवटी ऑडॅसिटी हे मोफत मिळणारे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर उपयोगी पडले, कारण त्यात गोंगाटाचा नमुना आपल्याला निवडता येतो. मूळ वेव्ह फाइलची प्रत करून आधी ‘प्लॉट स्पेक्ट्रम’मध्ये, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येवर किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, गुणगुणीची नेमकी जागा पाहिली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असली, तरी टेपचा वेग बदललेला असेल तर हा आकडा थोडा सरकतो. त्या आकड्यावर ‘नॉच फिल्टर’ (तेवढीच अरुंद पट्टी कापणारी सोय) लावला. त्यानंतरच, तानपुरा सुरू होण्यापूर्वीचा, केवळ खरखर असलेला सुमारे अर्ध्या सेकंदाचा तुकडा निवडून ‘नॉइज रिडक्शन’मधील ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबले, म्हणजे तो तुकडा गोंगाटाचा नमुना म्हणून दिला. तानपुऱ्याचा नाद अखंड असल्यामुळे तो नमुन्यात आला, तर सॉफ्टवेअर त्यालाही गोंगाटच समजते. मग संपूर्ण ध्वनिमुद्रण निवडून गोंगाटातली घट ६ डेसिबल ठेवली आणि ‘रेसिड्यू’ निवडून काय वगळले जाणार आहे ते ऐकले. त्यात गायकाचा आवाज किंवा जवारी (तानपुऱ्याच्या तारांचा झणकारता नाद) ऐकू आली, तर ‘सेन्सिटिव्हिटी’ कमी करावी. खात्री पटल्यावर पुन्हा ‘रिड्यूस’ निवडून ‘ओके’ दाबले. आवाजाची पातळी अगदी शेवटी वाढवली. थोडी खरखर उरली आहे. ती मी मुद्दाम राहू दिली, कारण तिच्यासोबत तानपुरा शाबूत आहे.