अभ्यासिकेत एसी असला तरी खिडकी उघडाच
स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या अभ्यासिकेत एकाचा सर्दी-खोकला बाकीच्यांना पटकन लागतो. दर तासाला दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. खिडकी एकच असेल तर त्यात टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवा आणि दार उघडा; कोंदट हवा बाहेर फेकली जाते, दारातून ताजी येते. जमलं तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र जरूर घ्या. बाहेर आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. आत १०००च्या वर गेला की हवा खेळत नाहीये. आणि कुबट वास घालवायला अगरबत्ती अजिबात नको, तिचा धूर त्याच कोंडलेल्या हवेत साचतो.