बदकांच्या होडीला मोटर निवडताना या चुका टाळा

बदकांच्या शिकारीसाठी घरी होडी बांधणारा माणूस प्लायवुड कोणतं, इपॉक्सी कोणतं, रंग गवताशी जुळतो का, यावर वर्षभर खल करतो. मोटर मात्र एखाद्या शनिवारी कोणीतरी स्वस्तात विकायला काढली म्हणून उचलून आणतो. मग त्या मोटरीपायी होडीची मागची फळी कापा, तिला ठिगळ लावा, नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, वाळूची पोती ठेवा, असे उद्योग सुरू होतात. मोटर कोणती बसणार हे होडी कागदावर असतानाच ठरायला हवं.

भारतात बदकांच्या शिकारीला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेतल्या पाण्याबद्दल आहे, आणि ऑफिसातल्या मित्राच्या नादाने या छंदात पडलेल्या तिथल्या मराठी मंडळींसाठी आहे. न्यू जर्सीत असाल तर तुम्ही या परंपरेच्या उंबरठ्यावरच राहता. बार्नेगॅट खाडीची 'स्नीकबॉक्स' ही बुटकी, वरून झाकलेली, चमच्यासारख्या नाळेची होडी वेस्ट क्रीकच्या हेझलटन सीमन यांनी १८३६ साली बांधली असं मानतात. साधारण १२ फूट लांब, ४ फूट रुंद, पांढऱ्या सीडरची. ती वल्ह्यांवर आणि शिडावर चालायची, मोटरीचा विचार तिच्या आकारात नव्हताच. पहिली चूक नेमकी इथूनच सुरू होते.

तळ न बघता एचपी ठरवणं

जुन्या धाटणीच्या अनेक होड्यांचा तळ मागच्या टोकाला वर वळलेला असतो. असा तळ पाणी कापत जातो, पाण्यावर चढून घसरत नाही. त्याच्या वेगाला आकारानेच मर्यादा घातलेली असते: पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, उत्तर नॉट्समध्ये मिळतं. १२ फुटांना ४.६ नॉट्स, म्हणजे ताशी ५ मैलांच्या थोडं वर. एवढ्यासाठी ३-४ एचपी खूप झाले. त्याच होडीला १५ एचपी लावलेत तर वेग फारसा वाढत नाही. मागचा भाग खाली बसतो, नाळ आभाळाकडे जाते आणि पेट्रोल जळत राहतं.

मागचा अर्धा तळ सरळ आणि सपाट असेल, तर होडी पाण्यावर चढून धावू शकते आणि तिथे एचपी कामी येते. म्हणून मोटरीच्या जाहिराती उघडण्याआधी होडीच्या तळाला लांब सरळ पट्टी लावून बघा. पट्टीच्या मागच्या टोकाला फट दिसली तर वेगाची स्वप्नं तिथेच आवरा.

कमाल किती चालेल, याचा कोस्ट गार्डचा हिशेब २० फुटांखालच्या, कारखान्यात बनलेल्या होड्यांसाठी आहे. घरी बांधणाऱ्यानेही तोच धरावा असं माझं ठाम मत आहे. होडीची लांबी आणि फळीची जास्तीत जास्त रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करा. ३५ पर्यंत आला तर ३ एचपी, ३६ ते ३९ ला ५, ४० ते ४२ ला साडेसात, ४३ ते ४५ ला १०, ४६ ते ५२ ला १५. तळ सपाट आणि कडा काटकोनी असतील तर एक पायरी खाली या. ५२ च्या पुढे, मागे बसून हाताने दांडा धरायच्या सपाट होडीला गुणाकाराचा निम्मा करून त्यातून १५ वजा करा. इतर तळांना ०.८ ने गुणून २५ वजा करा. जे येईल ते पाचाच्या पुढच्या पटीत न्या.

उदाहरणार्थ १४ फुटी सपाट होडी, फळी ४ फूट: गुणाकार ५६, निम्मे २८, वजा १५, उरले १३, म्हणजे १५ एचपी. १२ फुटी सपाट होडी, फळी साडेतीन फूट: गुणाकार ४२, साडेसातवरून एक पायरी खाली, म्हणजे फक्त ५. हा आकडा बघून अनेकांचा चेहरा उतरतो. पण ही कमाल मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे.

वजन शेवटी मोजणं

माझ्या मते एचपीपेक्षा हीच चूक जास्त महागात पडते. शिकारीची होडी मुद्दाम बुटकी बांधलेली असते, दुरून पक्ष्यांना दिसू नये म्हणून. म्हणजे पाणी आणि काठ यांच्यातलं अंतर आधीच वीतभर. आता मागच्या तीन फुटांत काय काय जमतं ते बघा. चार-स्ट्रोक ९.९ एचपीची मोटर ८० ते ११० पौंड. सहा गॅलनची भरलेली टाकी ४५ पौंडांच्या आसपास, त्यात निव्वळ पेट्रोलच ३७. सेल्फ-स्टार्टची मोटर घेतलीत तर बॅटरी आणखी ४०-५०. आणि या सगळ्याच्या शेजारी वेडर (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची विजार), जाड कोट, काडतुसं यांच्यासह तुम्ही स्वतः, किमान दोनशे. बेरीज ४०० पौंडांच्या घरात जाते. पुढे कोण? ६० पौंडांचा लॅब्रेडॉर आणि आमिषाची प्लॅस्टिकची खोटी बदकं.

अशी होडी धक्क्याला बांधलेली असताना ठीक दिसते. खरी परीक्षा थ्रॉटल एकदम सोडल्यावर होते. होडी थांबते, तिच्याच मागून येणारी लाट थांबत नाही आणि फळीवरून आत येते. नोव्हेंबरच्या पाण्यात हा प्रकार जिवावर बेततो. न्यूयॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांखालच्या होडीत प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगात घालणं सक्तीचं आहे. तुमच्या राज्यात सक्ती असो वा नसो, ते घालाच.

उपाय साधे आहेत. टाकी आणि बॅटरी मध्यावर किंवा नाळेकडे न्या, लांब नळी आणि वायर फार खर्चाची नसते. मोटर वळवायच्या दांड्याला एक्स्टेन्शन लावा म्हणजे चालवणारा दोन फूट पुढे बसेल. दोरीने ओढून सुरू होणारी मोटर घ्या, बॅटरीच नको. आणि ९.९ ऐवजी ६ एचपीने काम भागत असेल तर तीच घ्या. सिंगल सिलिंडरची ती मोटर ६० पौंडांच्या आत मिळते आणि एकट्याला उचलता येते. पहाटे अंधारात, बर्फाळ उतारावर, हा मोठा गुण आहे.

९.९ या विचित्र आकड्यामागे अनेक जलाशयांवरची १० एचपीची मर्यादा आहे. न्यू जर्सीत स्प्रूस रन आणि राउंड व्हॅलीवर ती आहे. काही कंपन्या ९.९, १५ आणि २० या तिन्ही मोटरी एकाच ब्लॉकवर बनवतात आणि वजनही जवळपास सारखंच असतं. मर्यादेच्या पाण्यात जाणार नसाल, तर तसली जड ९.९ घेण्यात काही अर्थ नाही.

फळीची उंची अंदाजाने धरणं

आउटबोर्डच्या, म्हणजे फळीवर टांगायच्या मोटरीच्या, पाण्यात उतरणाऱ्या दांड्याची (शाफ्टची) लांबी ठरलेली असते: शॉर्ट १५ इंच, लाँग २०, एक्स्ट्रा-लाँग २५. माप फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत घ्यायचं, मोटर जिथे टांगणार नेमक्या त्या जागी. पंख्याच्या वर जी आडवी पत्री असते ती तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. १५ इंची फळीला २० इंची मोटर लावली तर खालचा भाग पाच इंच जास्त खोल जातो आणि उथळ खाडीत प्रत्येक चिखलाच्या ढिगाला टेकतो. उलट केलंत, तर पंखा वरून हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी. वापरलेल्या बाजारात लाँग शाफ्ट बऱ्याचदा स्वस्त मिळते. ती का स्वस्त आहे ते आता कळलं असेल.

फळीची जाडी साधारण दीड इंच ठेवा, प्लायचे थर इपॉक्सीने चिकटवून. फळीला तळाशी आणि बाजूंशी जोडणारे कोन द्या, कारण मोटरीचा सगळा रेटा तिथेच येतो. बोल्टसाठी पाडलेलं प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरा आणि मग त्यातून पुन्हा पाडा. नाहीतर पाणी लाकडात शिरतं आणि फळी आतून कुजते, बाहेरून रंग चकचकीत राहतो.

चिखलाच्या पाण्यात नेहमीची मोटर

तुमची जागा सहा इंच पाणी, खाली लोण्यासारखा चिखल आणि वर शेवाळ अशी असेल, तर आउटबोर्ड हे उत्तरच नाही. ती खालच्या जाळीतून पाणी ओढून थंड राहते. जाळी शेवाळाने बुजली की इम्पेलर (पाणी खेचणारं रबरी चाक) जळतो आणि पाठोपाठ इंजिन तापतं. लुइझियानाच्या दलदलीत म्हणूनच हवेने थंड होणारं इंजिन आणि त्याला लांब, जवळजवळ आडवा दांडा अशी मड मोटर रुजली. थायलंडच्या लांब शेपटीच्या होड्या पाहिल्या असतील तर कल्पना तीच. तिचा आवाज भयंकर, वजन बरंच, आणि उघड्या खोल पाण्यात ती त्याच एचपीच्या आउटबोर्डपुढे मंद. खाडी ओलांडून मग गवतात शिरायचं असेल, तर मी आउटबोर्डच घेईन आणि शेवटचे शंभर यार्ड लांब बांबूने रेटत जाईन.

बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर लहान तळ्यासाठी छान, शांत. लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते, एवढं लक्षात ठेवा.

जुनी मोटर घेताना

दोन-स्ट्रोक हलकी असते, म्हणून या होड्यांत अजून लाडकी आहे. विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नकोस, आणि गेल्या गेल्या इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर थंडीत ती कशी सुरू होते हे त्याला तुम्हाला दाखवायचं नाही. गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू सैल करा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. हिवाळ्यात तेच पाणी गोठून गिअरची पेटी फोडतं.

कागदपत्रं

घरी बांधलेल्या होडीलाही मोटर लागली की नोंदणी आली, आणि हलचा (होडीच्या सांगाड्याचा) क्रमांक राज्याकडून घ्यावा लागतो. होडी बांधतानाचे फोटो आणि सामानाच्या पावत्या जपा. फेडरल नियमानुसार मोटर पूर्ण बंद होऊन तिच्यामुळे आलेली गती थांबल्याशिवाय पाणपक्ष्यांवर गोळी झाडता येत नाही. मेलेले किंवा जखमी पक्षी उचलायला मोटर चालते. एप्रिल २०२१ पासून ३ एचपी किंवा त्याहून मोठ्या मोटरीचा किल-स्विच (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारा), होडी वेगात असताना, चालवणाऱ्याला बांधलेला असणंही बंधनकारक आहे.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

पाच-दहा मिनिटं चालून बंद पडते: आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद असेल तर पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा चपटा झालेला दिसेल. स्क्रू उघडा असेल तर नळीचा जोड आणि मग कार्ब्युरेटर. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की ओल धरतं, तेव्हा मोसम संपला की कार्ब्युरेटर रिकामा करा.

नाळ वर राहते, खाली येत नाही: मोटरीचा कोन ठरवणारी खीळ एक भोक आत घ्या, म्हणजे मोटर फळीजवळ येईल. फरक पडला नाही तर सामान पुढे हलवा. उलट होडी बेडकासारखी उड्या मारत असेल, तेव्हाही आधी खीळच आत घ्या.

इंजिनाचा आवाज चढतो, वेग नाही: पंख्यात गवत अडकलंय, शिअर पिन (पंखा आपटला की मुद्दाम तुटणारी खीळ) तुटलीय, किंवा मोटर उंच बसलीय. जादा पिन आणि पक्कड होडीतच असू द्या. याच्या उलट, पूर्ण थ्रॉटललाही इंजिन ठरलेल्या फेऱ्या गाठत नसेल, तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो जितकं पुढे जाऊ पाहतो ते अंतर, कमी करा. एक इंच कमी केल्यावर फेऱ्या साधारण २०० ने वाढतात.

मोटरीतून मागे पडणारी थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार थांबली: लगेच बंद करा. धारेच्या भोकात वाळू अडकली असेल तर पातळ तारेने निघते. जाळी साफ करूनही धार येत नसेल तर इम्पेलर बदला.

कडाक्याच्या थंडीत दोरीच ओढली जात नाही: इम्पेलर बर्फात अडकलाय. जोर लावलात तर त्याची पाती फाटतील. मोटरीचा खालचा भाग पाण्यात सोडा, थोडा वेळ थांबा आणि मग ओढा. पुढच्या वेळी होडी बाहेर काढल्यावर मोटर आडवी न ठेवता उभी ठेवा, सगळं पाणी निथळेपर्यंत.